इतिहासाचा कर्ता कोण?

इतिहास माणसे घडवतात की परिस्थिती, या वादात दोन टोकाच्या भूमिका आहेत. थॉमस कार्लाइल यांनी १८४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या व्याख्यानांत थोर पुरुषांना इतिहासाचे कर्ते मानले. लिओ टॉल्स्टॉय यांनी ‘वॉर अँड पीस’मध्ये याच्या उलट मांडणी केली: नेपोलियनसारखा सम्राटही असंख्य लहानमोठ्या कारणांच्या ओघात वाहत असतो. या वादाचा कस मात्र एका साध्या अधिकाऱ्याच्या निर्णयात अधिक लागतो.

२६ सप्टेंबर १९८३ रोजी मध्यरात्रीनंतर मॉस्कोजवळच्या सर्पुखोव्ह-१५ या केंद्रात लेफ्टनंट कर्नल स्टानिस्लाव्ह पेट्रोव्ह पाळीवर होते. अमेरिकी क्षेपणास्त्रांवर नजर ठेवणाऱ्या उपग्रहांचे संदेश तेथे येत. अचानक भोंगा वाजला आणि पडद्यावर लाल अक्षरांत क्षेपणास्त्र सुटल्याचा इशारा उमटला. पाठोपाठ आणखी चार इशारे आले. तीनच आठवड्यांपूर्वी सोव्हिएत विमानाने दक्षिण कोरियाचे प्रवासी विमान पाडले होते आणि त्यात २६९ जणांचा बळी गेला होता. दोन्ही महासत्तांमधील संशय शिगेला पोहोचला होता.

एका हातात फोन आणि दुसऱ्या हातात इंटरकॉम धरून पेट्रोव्ह यांनी वरिष्ठांना कळवले, की हा इशारा खोटा आहे. अमेरिकेने खरोखर हल्ला केला, तर ती अवघी पाच क्षेपणास्त्रे सोडणार नाही, असा त्यांचा तर्क होता. जमिनीवरील रडारवरही काही दिसत नव्हते आणि उपग्रह यंत्रणा नवी होती. तरीही आपली खात्री पन्नास टक्केच होती, असे त्यांनी पुढे सांगितले. उंचावरील ढगांवरून परावर्तित झालेल्या सूर्यप्रकाशाने उपग्रहाची फसगत झाली होती, हे नंतरच्या चौकशीत कळले.

प्रतिहल्ल्याचा अधिकार पेट्रोव्ह यांच्याकडे नव्हता. त्यामुळे त्यांनी इशारा खरा म्हणून वर पाठवला असता, तर युद्ध पेटलेच असते, असे ठामपणे म्हणता येत नाही. पण निर्णय घेणाऱ्यांच्या हाती जेमतेम काही मिनिटे उरली असती. अण्वस्त्रे, उपग्रह आणि शीतयुद्ध ही परिस्थितीची देणगी होती. त्या सापळ्यात उरलेल्या चिंचोळ्या फटीतून वाट काढली ती एका माणसाने.

ती निवड स्वतंत्र होती का? योगायोगाने बेंजामिन लिबेट यांचा गाजलेला प्रयोगही १९८३ मध्येच प्रसिद्ध झाला. हात हलवण्याच्या सुमारे अर्धा सेकंद आधी मेंदूत विद्युत हालचाल सुरू होते, तर हलवण्याच्या इच्छेची जाणीव क्रियेच्या साधारण ०.२ सेकंद आधी होते, असे त्यात आढळले. इच्छास्वातंत्र्य हा भास आहे, असा अर्थ अनेकांनी यातून काढला. स्वतः लिबेट यांना तो मान्य नव्हता. सुरू झालेली कृती रोखण्याची मुभा जाणिवेला असते, असे ते म्हणत. शिवाय हात कधी हलवायचा, याला कोणतेही कारण लागत नाही. पेट्रोव्ह मात्र कारणे तोलत होते.

मराठीत या प्रश्नाचा सखोल विचार लोकमान्य टिळकांनी ‘गीतारहस्या’तील कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्यावरील प्रकरणात केला. हा ग्रंथ १९१५ मध्ये प्रसिद्ध झाला. कर्माचे बंधन मान्य करूनही ज्ञानासाठी प्रयत्न करण्यास माणूस स्वतंत्र आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले.

कार्यकारणभाव आणि स्वातंत्र्य एकत्र नांदू शकतात, असे मानणारा मोठा प्रवाह पाश्चात्त्य तत्त्वज्ञानातही आहे. पेट्रोव्ह यांचा निर्णय अकारण नव्हता. त्यामागे अभियंत्याचे शिक्षण होते, यंत्रणेच्या उणिवांची माहिती होती आणि विचार करण्याची सवय होती. या कारणांमुळे निर्णय परका झाला नाही. उलट त्यांमुळेच तो त्यांचा ठरला. स्वातंत्र्य म्हणजे कारणांपासून सुटका नव्हे, तर कारणे पारखण्याची कुवत. ती ऐनवेळी उसनी मिळत नाही, आधीच्या वर्षांत कमवावी लागते. इतिहासाला वळण देणारा क्षण तिची केवळ परीक्षा घेतो.