वसई कुठे संपते?

वसई रोड आणि नालासोपारा या स्टेशनांच्या मधल्या वस्त्यांत एक वाद नेहमी रंगतो : आपण वसईत राहतो की नालासोपाऱ्यात? दोन्ही बाजू बरोबर असू शकतात, कारण हद्द एकच नसते. महसुली गावाची हद्द जमीनमोजणीने ठरते, प्रभागाची लोकसंख्येने, तर १९७२ पासूनच्या पिनकोडची टपालाच्या बटवड्याच्या सोयीने. २००९ साली वसई, विरार, नालासोपारा व नवघर-माणिकपूर या नगरपालिका आणि आसपासची गावे मिळून एकच महानगरपालिका झाली. नगरपालिकांच्या हद्दी कागदावरून गेल्या, बोलण्यातून नाहीत.

आम्ही सुचवतो तो प्रयोग वर्गात करून पाहा. नकाशावर दोन्ही स्टेशने जोडून त्या रेषेचा लंबदुभाजक काढा. त्यावरचा प्रत्येक बिंदू दोन्ही स्टेशनांपासून सारख्याच अंतरावर असतो. आता मुले घरचा पत्ता काय सांगतात, ते दोन रंगांच्या ठिपक्यांनी दाखवा. ठिपके रेषेवर नीट वेगळे होतीलच असे नाही. मधे सरमिसळीचा पट्टाही दिसेल. माणसे अंतर पट्टीने नव्हे, रस्त्याने आणि रिक्षाच्या भाड्याने मोजतात.

या पट्ट्यातल्या मुलांना पूर्ण पत्ता पाठ हवा : गाव, रस्ता, जवळची खूण, पिनकोड. नुसते स्टेशन सांगितले, तर रुग्णवाहिका भलतीकडे वळू शकते.