रुपयाला साजेसा ढब्बू

नाण्यांची जादू म्हणजे पेटाऱ्यांवर व यंत्रांवर नव्हे तर बोटांच्या सफाईवर उभी असलेली हातचलाखी होय. तिच्यात नाणे दिसेनासे होते, एका मुठीतून दुसऱ्या मुठीत जाते किंवा डोळ्यांदेखत चांदीचे तांब्याचे होते. या प्रयोगांविषयी लिहिताना बहुतेक लेखक बोटांच्या हालचालींवर भर देतात, परंतु प्रयोगाचे यशापयश बरेचसे त्याआधीच, म्हणजे जादूगार टेबलावर जाड मऊ कापड पसरून, समोर नाण्यांची रास ओतून त्यांतली कामाची नाणी वेगळी करत असतो तेव्हा ठरलेले असते. ही निवड दोन प्रकारची असते: एकाच प्रकारची तीन-चार नाणी अशी निवडायची की त्यांतले कोणतेही कोणाच्याही जागी खपावे, किंवा दोन निरनिराळ्या धातूंची नाणी अशी जमवायची की रंग सोडल्यास त्यांच्यात दुसरा फरक जाणवू नये. यांपैकी दुसरे काम अधिक अवघड आहे.

या दुसऱ्या प्रकारातली जगभर रूढ झालेली जोडी म्हणजे अमेरिकेचे अर्ध्या डॉलरचे नाणे आणि इंग्लंडची जुनी, म्हणजे १९७१ साली दशमान पद्धतीबरोबर चलनातून गेलेली, काशाची पेनी. अर्ध्या डॉलरचा व्यास ३०.६ मिलिमीटर, तर पेनीचा सुमारे ३०.८. दोन देशांच्या टांकसाळींनी एकमेकींना न विचारता पाडलेल्या या नाण्यांत केवळ ०.२ मिलिमीटरचे अंतर पडले, हा निव्वळ योगायोग. पण त्यावर जादूची एक अख्खी शाखा पोसली गेली आहे. डाय व्हर्नन यांच्या नावाशी जोडलेल्या ‘स्पेलबाउंड’ या प्रयोगात बोटांच्या टोकांवर धरलेले रुपेरी नाणे हात फिरताच तांबडे होते, आणि त्यासाठी क्षणभर का होईना, एका नाण्याआड दुसरे पूर्ण झाकले जावे लागते. मागचे नाणे मोठे असेल तर त्याची कड चंद्रकोरीसारखी डोकावते, आणि ते लहान असेल तर लपते खरे, पण पुढे आल्यावर नाणे आक्रसल्यासारखे दिसून प्रेक्षकाच्या मनात नेमकी नको ती शंका, म्हणजे अदलाबदलीची, उभी राहते.

व्यास जुळला म्हणजे जोडी जुळली, असा नवशिक्यांचा समज असतो. तो फसवा आहे, कारण येथे पदार्थविज्ञान आडवे येते. चांदीची घनता पाण्याच्या साधारण साडेदहा पट आणि तांब्याची नऊ पटीच्या थोडी आत असल्यामुळे सारख्या व्यासाची व सारख्या जाडीची दोन नाणी पाडली, तर तांब्याचे नाणे सुमारे १५ टक्के हलके भरणारच. आणि वजन सारखे हवे असेल, तर तांब्याचे नाणे तितक्या प्रमाणात जाड करावे लागणार. म्हणजे शुद्ध चांदी आणि तांबे यांच्या जोडीत व्यास, जाडी आणि वजन ही तिन्ही एकाच वेळी जुळणे अशक्य असून निवडणाऱ्याला काहीतरी सोडावेच लागते. जाडी प्रेक्षकाच्या डोळ्याला कळते आणि वजन त्याच्या तळहाताला कळते. त्यामुळे प्रयोग दुरून पाहायचा असेल तर जाडीला, आणि नाणे प्रेक्षकाच्याच मुठीत द्यायचे असेल तर वजनाला प्राधान्य देणे रास्त ठरते. अर्ध्या डॉलरचे चांदीचे नाणे १२.५ ग्रॅमचे, तर पेनी सुमारे ९.४ ग्रॅमची, हा तीन ग्रॅमांचा फरक लहान नाही. तरीही तो खपतो, कारण एकटे नाणे हातावर आले की त्याचे वजन किती असायला हवे, याची नोंद माणसाच्या हातात नसते, आणि दोन्ही नाणी लागोपाठ त्याच हातावर पडू न देण्याची खबरदारी जादूगार घेतो.

या कसोटीवर भारतातील जुनी नाणी घासून पाहिली, तर एक गोष्ट ध्यानात येते, जिच्याकडे आपल्याकडच्या हौशी जादूगारांचे पुरेसे लक्ष गेलेले दिसत नाही. ईस्ट इंडिया कंपनीने १८३५पासून पाडलेला आणि पुढे राणीछाप म्हणून चाललेला चांदीचा रुपया १८० ग्रेनचा, म्हणजे ११.६६ ग्रॅमचा होता, तर दोन पैशांचा तांब्याचा ढब्बू, म्हणजे अर्धा आणा, २०० ग्रेनचा, म्हणजे १२.९५ ग्रॅमचा, आणि दोहोंचा व्यास ३० ते ३१ मिलिमीटरच्या घरात. परदेशी जोडीत वजनाचा फरक तीन ग्रॅमांचा आहे, तर येथे तो सव्वा ग्रॅमाच्या आसपास असून, शिवाय तांब्याचे नाणे हलके नसून जड आहे. याची किंमत अर्थातच जाडीत मोजावी लागते, कारण घनता आणि वजन यांवरून हिशेब केला तर ढब्बूची सरासरी जाडी रुपयाच्या सव्वा पट निघते. म्हणून ही जोडी बोटांच्या टोकांवर कडेने दाखवण्यापेक्षा प्रेक्षकाच्या मुठीतल्या प्रयोगांना अधिक शोभते. ढब्बू हातांतून हातांत फिरून इतका झिजलेला असतो की कॅलिपर, म्हणजे व्यास व जाडी मोजण्याची जबड्यांची पट्टी, आणि सराफी काटा जवळ असल्याशिवाय त्याची खरेदी करू नये. मात्र हीच झीज कधीकधी उपयोगी पडते, कारण बरोबर तेवढा झिजलेला ढब्बू जाडीनेही रुपयाजवळ येतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावस्तू कायद्याखाली येतात आणि ती खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत, हे परदेशी दौऱ्यावर निघणाऱ्याने विसरू नये.

कडेचा विचार वेगळा करावा लागतो. रुपयाची व अर्ध्या डॉलरची कड दातेरी, म्हणजे बारीक उभ्या खाचांची असते. पेनीची व ढब्बूची कड सपाट असते. तळहात पालथा करूनही नाणे पडू नये म्हणून ते अंगठ्याखालचा मांसल उंचवटा आणि करंगळीकडची बाजू यांच्यात केवळ कडांवर अडकवून ठेवतात; याला ‘क्लासिक पाम’ म्हणतात, आणि त्यात दातेरी कड त्वचेत रुतते तर सपाट कड, विशेषतः घामेजल्या हातात, घसरते. म्हणून दोन्हींपैकी लपवायचे कोणते आणि दाखवायचे कोणते, हे शक्य तिथे कड पाहून ठरवलेले बरे.

एकाच प्रकारच्या नाण्यांचा संच जमवताना व्यासाचा प्रश्न टांकसाळीनेच सोडवलेला असतो, पण तेथे धातू दगा देतो. अमेरिकन अर्धा डॉलर १९६४पर्यंत ९० टक्के चांदीचा, १९६५ ते १९७० या काळात ४० टक्के चांदीचा आणि १९७१पासून तांब्याच्या गाभ्यावर तांबे-निकेलचे थर चढवलेला असा होत गेला, आणि त्याचे वजन अनुक्रमे १२.५, ११.५ व ११.३४ ग्रॅम झाले. शेवटच्या प्रकारात कडेला तांबडी रेघ दिसते. चार नाण्यांत असे एक मिसळले, तर डोळ्याआधी कानाला कळते, कारण चांदीचा नाद मऊ असतो आणि थर चढवलेल्या नाण्याचा कर्कश. लपवलेल्या नाण्यांचा आवाज झाला की नाणी ‘बोलली’ असे जादूगार म्हणतात, आणि कमी बोलणारी नाणी त्यांना प्रिय असतात. १९१६ ते १९४७ या काळातील ‘वॉकिंग लिबर्टी’ छापाच्या अर्ध्या डॉलरला मागणी आहे ती यामुळेच. त्यातही उठाव घासून गेलेली, एकमेकांवरून अलगद सरकणारी नाणी अधिक पसंत केली जातात. संग्राहक ज्या नाण्याला नाक मुरडतो तेच येथे हवेसे असते, त्यामुळे ते स्वस्तही मिळते. अट एवढीच की चारही नाणी सारखीच झिजलेली असावीत आणि कडेच्या खाचा शिल्लक असाव्यात.

निवड प्रत्यक्ष होते ती अशी: नाणी एकावर एक रचून थप्पीच्या बाजूवरून नख वरपासून खालपर्यंत फिरवतात, आणि जेथे नख अडते ते नाणे बाजूला काढतात, मग थप्पी डोळ्यांच्या पातळीवर आणून उजेडासमोर धरतात, म्हणजे वाकलेल्या नाण्याखालची फट दिसते, शेवटी प्रत्येक नाणे कापडावर दुसऱ्या नाण्यावर हलकेच टाकून नाद ऐकतात.

भारतातील आजच्या चलनाबद्दल फार सांगण्यासारखे नाही. १९९२ ते २००४ या काळातला पोलादी रुपया आणि २०११पासूनचे दोन रुपये, दोन्ही २५ मिलिमीटरचे व ४.८५ ग्रॅमचे; दुकानदाराला ही डोकेदुखी आणि जादूगाराला मात्र आयती जोडी, पण रंग एकच असल्याने परिणाम फिका पडतो. दहा व वीस रुपयांची नाणी २७ मिलिमीटरची असली तरी विसाचे नाणे बारा बाजूंचे आहे. शिवाय एक व दोन रुपयांची ही स्टेनलेस पोलादाची नाणी चुंबकाला चिकटतात. ज्या प्रयोगांत चुंबक लपवलेला असतो तेथे ते वरदान, इतरत्र आपत्ती.

काही प्रयोगांना ‘शेल’ लागते, म्हणजे आतून कोरून पोकळ केलेले नाणे, जे दुसऱ्या नाण्यावर टोपणासारखे बसते. चालू नाणे असे कापणे-कोरणे भारतात कायद्याने निषिद्ध असल्याने ते परदेशातून, परकी नाण्यांचेच, मागवावे लागते, आणि मग उरलेला संच त्या शेलच्या नाण्याशी जुळवणे क्रमप्राप्त होते. निवडीची दिशाच उलटते. असा संच घेताना त्याच राशीतून पाचवे नाणेही घेऊन ठेवतात, आणि ते वेगळे जपून न ठेवता इतर चारांबरोबर त्याच थैलीत टाकून आळीपाळीने वापरतात, कारण नुसते ठेवलेले नाणे झिजत नाही आणि दोन वर्षांनी एक नाणे हरवले की त्याच्या जागी ते खपत नाही.