भिंतीचं तोंड कुणीकडं

मृग तोंडावर आला की चकलांब्यात भिंती रंगवणाऱ्या पेंटरला उसंत मिळत नाही. गेवराई तालुक्याचा हा पट्टा कपाशीचा. ऊसतोडीला गेलेली कुटुंबंही कारखाने बंद झाल्यावर गावी परतलेली असतात. कृषी सेवा केंद्रवाल्याला जे सांगायचं ते याच दिवसांत. दिवाळीनंतर रंगवलेली भिंत कुलूप लावलेल्या घरांनाच दिसते.

अशाच एका दुकानाच्या कामाला आलेल्या पेंटरनं आधी डबे उघडलेच नाहीत. रस्त्यावर जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, "मालक, जीप इकडून येती ना? मग अक्षरं ह्या अंगाला." घरमालकाला भाडं द्यायचं नव्हतं, त्याची अख्खी भिंत चुन्यानं पांढरी होणार, एवढ्यावर तो राजी. १९७३ साली सुरू झालेल्या कालनिर्णयनं घराच्या आतली भिंत अशीच मिळवली. तिथी-सण कळतात म्हणून लोक ते दिनदर्शिकेचं पान खिळ्याला लावतात, आणि खाली छापलेलं दुकानाचं नाव वर्षभर तिथंच राहतं.

रात्री भिजवलेला चुना फडक्यातून गाळून घेतला. हाताला लागू नये म्हणून त्यात फेव्हिकॉल. तो वाळल्यावर निळीत बुडवलेली दोरी दोघांनी ताणून धरली, मधे चिमटीत उचलून सोडली. फट्‌ असा आवाज झाला आणि सरळ निळी रेघ उमटली. तीच शिरोरेषा. मग खडूनं अक्षरांच्या जागा. मोबाईल नंबर त्यानं शेवटच्या आकड्यापासून उलटा मांडत आणला, म्हणजे कडेला दाटी होत नाही. गेरूचा ब्रश त्यानंतर.

फ्लेक्स तासाभरात छापून मिळतो, हे खरंच. पण वळवाच्या वाऱ्यात तो फाटतो, आणि त्यावर इतके चेहरे असतात की माल काय विकतात ते शोधावं लागतं. इथं दुकानदार वहीचं पानभर मजकूर घेऊन आला होता. पेंटरनं तो नाव, 'बियाणे, खते, औषधे' आणि नंबर एवढ्यावर आणला. लांबून धावत्या गाडीतून तेवढंच वाचता येतं. मला हे संपादन फार आवडलं.

"पैसे कापूस निघाल्यावर, हे पण टाकू का?" पेंटरनं विचारलं. गिऱ्हाईक बांधून ठेवणारी खरी ओळ हीच. दुकानदारानं नकारार्थी मान हलवली. उधारी माणूस बघून द्यायची असते. ते बाजारच्या दिवशी एकानं दुसऱ्याला सांगितलेलं पुरे, भिंतीवर नको.