बीज आणि भूमी : तोंडाच्या कर्करोगाविषयी

तोंडाचा कर्करोग म्हटला की आपल्या मनात एका बिघडलेल्या पेशीचे चित्र उभे राहते. तंबाखूने एखादी पेशी बिघडली, ती अनिर्बंध वाढली आणि तिची गाठ झाली. हे चित्र खोटे नाही, पण अपुरे आहे. 1889 साली स्टीफन पॅजेट या इंग्रज शल्यविशारदाने स्तनाच्या कर्करोगाने दगावलेल्या 735 रुग्णांच्या नोंदी तपासल्या. रोगाचे बीज शरीरात सर्वत्र पोहोचत असले तरी ते रुजते ठरावीक भूमीतच, असा निष्कर्ष त्याने मांडला. पेरणी पाहिलेल्या घरातील मुलास हे निराळे समजावून सांगावे लागत नाही. आज या भूमीला 'अर्बुदाचे सूक्ष्म पर्यावरण' असे भारदस्त नाव मिळाले आहे, एवढेच.

गाठ म्हणजे केवळ कर्कपेशींचा ढीग नव्हे. तिच्यात रक्तवाहिन्या असतात, तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्ट पेशी असतात आणि शरीराचे रक्षण करणाऱ्या पेशीही असतात. एरवी जखम भरून काढणे हे फायब्रोब्लास्टचे काम. गाठीच्या सहवासात त्याच पेशी तिला वाढीचे संदेश पुरवू लागतात. हॅरॉल्ड ड्वोरॅक या वैद्यकाने 1986 मध्ये अर्बुदाला 'न भरणारी जखम' म्हटले ते याच अर्थाने. रक्षक टी-पेशी गाठीपर्यंत पोहोचतात, परंतु पुष्कळ कर्कपेशी आपल्या पृष्ठभागावर पीडी-एल1 नावाचे प्रथिन बाळगून असतात. ते टी-पेशीवरील पीडी-1 या प्रथिनाला भिडले की टी-पेशीला 'थांब' असा इशारा मिळतो. पहारेकरी दारात उभा असतो, पण त्याचे हात बांधलेले असतात.

आपल्याकडे तर ही भूमी अनेकदा आधीच तयार होत असते, आणि ती तयार करते सुपारी. 'आम्ही तंबाखू खात नाही, नुसती सुपारी खातो', हे वाक्य आम्ही पालकांच्या तोंडून असंख्य वेळा ऐकले आहे. सुपारीतील अॅरेकोलिन हे द्रव्य फायब्रोब्लास्टना अधिक कोलॅजन बनविण्यास प्रवृत्त करते. तिच्यातील तांबे त्या कोलॅजनचे धागे एकमेकांत घट्ट गुंतविणाऱ्या विकराला बळ देते. गालाचा आतला मऊ पदर निबर होतो, तिखट सोसवत नाही, तोंड उघडेनासे होते. ही कर्करोगपूर्व अवस्था होय. तंबाखूविरहित विडा आणि सुपारी हीदेखील कर्करोगकारक आहेत, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात 2012 साली गुटख्यावर बंदी आली. तरी पुड्या मिळणे थांबले नाही, आणि विदर्भातला खर्रा तर ग्राहकासमोर घोटूनच दिला जातो.

आता बायोमार्कर, म्हणजे रोगाची किंवा त्याच्या वाटचालीची मोजता येणारी खूण. इतिहासाच्या अभ्यासकाला ही कल्पना परकी नाही. उत्खननात एक नाणे सापडले म्हणून तेथे त्या राजाचे राज्य होते असे कोणी लिहीत नाही. ते कोणत्या थरात, कशाच्या सोबत सापडले हे पाहावे लागते. येथेही तसेच आहे. पी16 ही खूण घशाच्या विषाणूजन्य कर्करोगात फार उपयोगी पडते. गालाच्या किंवा जिभेच्या कर्करोगात तिला तितका अर्थ नाही. पीडी-एल1 चे प्रमाण मात्र प्रतिकारशक्तीला मोकळे करणारे औषध द्यावे काय, हे ठरविण्यास वापरतात. लाळेतील व रक्तातील खुणांवर संशोधन जोरात आहे; परंतु निदानासाठी तुकडा काढून तपासण्याची जागा त्यांपैकी कोणीही अद्याप घेतलेली नाही. एका थेंबात कर्करोग ओळखून देण्याच्या जाहिराती वाचताना हे ध्यानी असावे.

टी-पेशींचे बांधलेले हात सोडविणाऱ्या उपचारांच्या शोधाबद्दल जेम्स अॅलिसन आणि तासुकु होन्जो यांना 2018 चे नोबेल मिळाले. औषधे आली, पण त्यांची किंमत ऐकूनच रुग्णाचे घर खचावे अशी. आमच्या मते या विषयातील सर्वांत मोलाची गोष्ट येथूनच पुढे घडली. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयातील डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगाच्या, रोग हाताबाहेर गेलेल्या 151 रुग्णांवर चाचणी केली. निम्म्यांना स्वस्त गोळ्यांचे उपचार दिले; उरलेल्यांना त्यांच्या जोडीला निवोलुमॅब हे औषध दर तीन आठवड्यांनी अवघे 20 मिलिग्रॅम दिले. ही मात्रा नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्श्याहूनही कमी. पहिल्या गटात एका वर्षानंतर 16.3 टक्के रुग्ण हयात होते, दुसऱ्यात 43.4 टक्के. ज्ञान परदेशातून आले; ते गरिबाच्या ताटात कसे वाढावे, हा प्रश्न मात्र परळमध्ये विचारला गेला.

आणि तरीही सर्वांत स्वस्त खूण डोळ्यांना दिसणारीच आहे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात 1996 पासून प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन लोकांची तोंडे तपासली. तंबाखू किंवा मद्य घेणाऱ्यांमध्ये या रोगाने होणारे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, हे 2005 मध्ये प्रसिद्ध झाले. ते पाहत होते ते एवढेच : पुसला न जाणारा पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, आणि स्वतःचीच तीन बोटे उभी धरली असता ती मावू नयेत इतके आखडलेले तोंड.