मराठी पडद्यावरचा इतिहास, लेखांक ६ : ‘२२ जून १८९७’

नचिकेत आणि जयू पटवर्धन या दांपत्याने दिग्दर्शित केलेला ‘२२ जून १८९७’ हा १९७९ सालचा चित्रपट चाफेकर बंधूंनी पुण्यात केलेल्या ब्रिटिश अधिकाऱ्याच्या वधावर आधारलेला असून, क्रांतिकारकांची आरती न ओवाळताही त्यांची कथा गंभीरपणे सांगता येते, याचे मराठी चित्रसृष्टीतील ते बहुधा सर्वांत भक्कम उदाहरण आहे.

त्या कृत्याची मुळे प्लेगच्या साथीत होती. १८९६ च्या अखेरीस मुंबईतून पुण्यात शिरलेल्या या रोगाला आळा घालण्यासाठी सरकारने फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगविषयक कायदा केला आणि साताऱ्याचे असिस्टंट कलेक्टर वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या अध्यक्षतेखाली पुण्यासाठी खास प्लेग समिती नेमली. घरोघर झडती घेणे, संशयितांना विलगीकरण छावणीत, म्हणजे निरोगी लोकांपासून दूर उभारलेल्या तात्पुरत्या वस्तीत हलवणे आणि बाधित सामान जाळणे ही कामे गोऱ्या सैनिकांकडे सोपवली गेली; स्त्रियांची तपासणी आणि देवघरांचा विटाळ यांमुळे शहर संतापले. उंदरांवरील पिसवांमुळे प्लेग पसरतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने १८९८ मध्ये मांडले. त्यामुळे १८९७ चा सारा बंदोबस्त उंदरांऐवजी माणसांविरुद्ध उभा राहिला, ही त्या काळाच्या अपुऱ्या ज्ञानाची शोकांतिका होय. अर्थात, अपुऱ्या ज्ञानाने मग्रुरीचे समर्थन होत नाही.

२२ जूनच्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरकमहोत्सवानिमित्त गणेशखिंडीतील गव्हर्नरच्या निवासस्थानी (आज तेथे पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे) झालेला समारंभ आटोपून परतणाऱ्या रँड यांच्यावर दामोदर चाफेकरांनी गोळी झाडली, तर मागच्या गाडीतील लेफ्टनंट आयर्स्ट बाळकृष्ण चाफेकरांच्या गोळीने जागीच ठार झाले. रँड ३ जुलैला मरण पावले.

येथपर्यंतची कथा कोणालाही रंगवता आली असती. दिग्दर्शकाची खरी कसोटी लागते ती दामोदर यांच्या मनोवृत्तीपाशी. चिंचवडच्या कीर्तनकार घराण्यात वाढलेला हा तरुण परकीय सत्तेचा जितका द्वेष करी, तितकाच सामाजिक सुधारणांचाही करी, आणि त्याने तुरुंगात लिहिलेल्या आत्मवृत्तात या दोन्ही द्वेषांची सरमिसळ उघड दिसते. मुंबईतील राणीच्या पुतळ्याला डांबर फासल्याची त्याची कबुली आणि सुधारकांवरील हल्ल्यांच्या हकिगती एकाच अभिमानाने आल्या आहेत. आजच्या राष्ट्रवादाच्या चौकटीत ही कर्मठता सहज बसत नाही, म्हणून बहुतेक चरित्रपट ती वगळतात. पटवर्धनांनी ती झाकली नाही, आणि तरीही नायकांना खुजे केले नाही.

शंकर नाग यांचा पटकथालेखनातील सहभाग, विजय तेंडुलकरांचे संवाद आणि टिळकांच्या भूमिकेत सदाशिव अमरापूरकर, अशी या चित्रपटाची जुळणी होती. दोघेही दिग्दर्शक पेशाने वास्तुरचनाकार असल्याने वाडे, ओसऱ्या आणि अरुंद बोळ हे केवळ पार्श्वभूमी म्हणून येत नाहीत. कलादिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार या जोडीला मिळाला, हे योग्यच झाले.

कथेचा उत्तरार्ध मात्र वधाहून अधिक बोचरा आहे. सरकारने लावलेल्या २०,००० रुपयांच्या बक्षिसानंतर, चाफेकरांच्या ओळखीतल्याच द्रविड बंधूंच्या माहितीवरून दामोदर पकडले गेले आणि १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी गेले. पुढील फेब्रुवारीत विशीही न गाठलेल्या वासुदेव चाफेकराने महादेव रानडे याच्या साथीने द्रविड बंधूंना ठार मारून बदला घेतला. मे १८९९ मध्ये ८ तारखेला वासुदेव, १० तारखेला रानडे आणि १२ तारखेला बाळकृष्ण, असे तिघेही फासावर गेले. परकीय अधिकाऱ्यावर झाडलेल्या गोळीपासून सुरू झालेली ही मालिका पुण्यातल्याच माणसांच्या रक्तापर्यंत कशी पोहोचली, हा प्रश्न गौरवगीतांत हरवतो. चित्रपट पाहण्यापूर्वी वाचकांनी दामोदर यांचे आत्मवृत्त अवश्य वाचावे. पडद्यावरील तरुण त्यामुळे अधिक अवघड वाटेल, पण अधिक खराही वाटेल.