दार ७०, गाडी ७६

घरात सगळ्यात धाकटे तुम्ही असाल, तर न मागता मिळालेली एक नोकरी तुम्ही आधीच करताय. गॅसचं बुकिंग, आजोबांच्या बीपी मशीनचे रिव्ह्यू, काकांच्या फोनचं स्टोरेज, सगळं ‘अरे, तू बघ ना जरा ऑनलाइन’ या एका वाक्यावर तुमच्याकडे येतं. मला मागच्या महिन्यात ताईचा मेसेज आला. ‘डबल स्ट्रोलर बघ. कॉम्पॅक्ट हवा.’ खाली हात जोडलेली इमोजी.

कॉलेजच्या पानावर बाबागाडी कशाला, असं वाटत असेल तर थांबा. तुम्ही मामा, मावशी, काका, आत्या होणार आहात, काही जण झालाही असाल. मग ही लिंक फिरत फिरत तुमच्याकडेच येणार. मी या कामात तीन आठवडे घालवले आणि पहिले दोन पूर्ण वाया घालवले. तुमचे वाचावेत म्हणून लिहितोय.

आधी ताईची परिस्थिती सांगतो. कोथरूडमधली जुनी बिल्डिंग, तिसरा मजला. थोरली पावणेतीन वर्षांची, धाकटा पाच महिन्यांचा. भावोजी सकाळी आठला हिंजवडीला निघतात, परत यायला साडेआठ. ताईची २६ आठवड्यांची रजा संपत आलेली. एवढ्या दिवसांत ती दोघांना घेऊन एकटी एकदाही खाली उतरली नव्हती. मला हे माहीतच नव्हतं. मी दर रविवारी जातो, मुलांबरोबर रील्स काढतो, जेवतो, येतो. मी असलो की ती उतरते, त्यामुळे ती एरवीही उतरतच असेल असं मी धरून चाललो होतो.

‘एक कडेवर, एक बोटाला’ हे आपल्याकडे इतकं सहज म्हटलं जातं, पण करून बघा. कडेवरचा झोपला की दुप्पट जड होतो, बोटाला धरलेली मधेच रस्त्यावर फतकल मारते, आणि भाजीची पिशवी धरायला तिसरा हात नसतो.

तर मी लागलो कामाला. इंटर्नला रिसर्च आवडतो, विशेषतः ऑफिसच्या वायफायवर. एक्सेल शीट केली. पहिल्याच संध्याकाळी कळलं की डबल स्ट्रोलर दोन जातींचे. एकात दोन्ही मुलं शेजारी-शेजारी बसतात, दुसऱ्यात रेल्वेच्या डब्यांसारखी एकापुढे एक. शेजारीवाला बहुतेक ७४ ते ७९ सेंटिमीटर रुंद असतो. यामागे एक गंमत आहे. अमेरिकेतल्या डिस्नेच्या पार्कांनी २०१९ मध्ये नियम केला की ३१ इंचांपेक्षा रुंद आणि ५२ इंचांपेक्षा लांब स्ट्रोलर आत आणायचा नाही. ३१ इंच म्हणजे जवळजवळ ७९ सेंटिमीटर. तेव्हापासून ‘डिस्ने साइज’ हे जाहिरातीतलं बिरुद झालंय, आणि त्या मापात बसला की गाडी ‘कॉम्पॅक्ट’. मीही भुललो. ७६ सेंटिमीटरचा एक सुंदर राखाडी स्ट्रोलर निवडला. मिटल्यावर तर इतका छोटा की सोफ्यामागे जाईल. ताईला लिंक पाठवली, ‘हा घे, डन’ असं लिहिलं.

ताईचा फोन आला. ‘लिफ्टमध्ये जाईल का रे?’

मापं तर घेतलीच नव्हती. रविवारी टेप घेऊन गेलो. लिफ्ट जाळीच्या दाराची. दाराची चौकट ७६ सेंटिमीटर, म्हणजे गाडी अगदी घासून का होईना जाईल, असं मला क्षणभर वाटलं. पण जाळी सरकवली की ती एका बाजूला गोळा होऊन उभी राहते आणि सहा सेंटिमीटर खाते. उरले ७०. म्हणून पहिली गोष्ट ही लिहून घ्या : दाराचं माप नका घेऊ, दार पूर्ण उघडल्यावर जी मोकळी जागा उरते तिचं घ्या. फ्लॅटच्या दारालाही हेच लागू, कारण उघडलेलं सेफ्टी डोअरसुद्धा बिजागरीच्या बाजूला थोडी जागा अडवतं.

‘मग लिफ्टपाशी मिटून नेऊ,’ मी म्हटलं. ताईनं माझ्याकडे नुसतं बघितलं. मिटायची म्हणजे दोघांना बाहेर काढायचं. धाकटा कडेवर, थोरली मोकळी, आणि उरलेल्या हातानं गाडी मिटायची, जाळी सरकवायची, गाडी आत ओढायची. म्हणजे ज्या अडचणीसाठी गाडी घ्यायची, तीच अडचण गाडी घेऊन.

‘मला गाडी नकोय रे,’ ती म्हणाली. ‘मला कोपऱ्यावरच्या भाजीवाल्यापर्यंत जायचंय.’

एक्सेल शीट मी त्याच रात्री डिलीट केली.

नवी शीट उलट्या बाजूनं सुरू केली, भाजीवाल्यापासून. वाटेत सगळ्यात अरुंद जागा कुठली? लिफ्टचं दार, ७० सेंटिमीटर. लिफ्ट आतून ११० रुंद, १०० खोल. म्हणजे शेजारीवाला बाद. ६५ सेंटिमीटरच्या आसपासचे शेजारी-शेजारी स्ट्रोलरही बनतात, पण त्यांचं वजन आणि किंमत बघून मी टॅब बंद केला. मग एकापुढे एक. रुंदी ५५ ते ६०, दारातून आरामात. पण लांबी? मी पाहिलेले बहुतेक १०५ च्या पुढे. लिफ्ट १०० खोल. मागची चाकं बाहेर राहणार आणि जाळी लागणार नाही. जाळी नीट लागली नाही तर ती लिफ्ट हलत नाही, हे त्या बिल्डिंगमध्ये एकदा तरी अडकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

आकड्यांवर आता माझा विश्वास उरला नव्हता. म्हणून मी रद्दी काढली. पेपरची पानं चिकटपट्टीनं जोडून प्रत्येक गाडीच्या तळाएवढा तुकडा कापला, आणि ते तुकडे लिफ्टच्या जमिनीवर टाकून बघितले. त्यात आपल्या याच पानाचे चार-पाच अंकही होते, संपादकांनी माफ करावं. वॉचमनकाकांना वाटलं लिफ्टला रंग देतायत. पण हा प्रकार तुम्हीही करा, खरंच सांगतो. स्क्रीनवर १०५ आणि ९७ सारखेच दिसतात. जमिनीवर ते आठ सेंटिमीटर म्हणजे दार लागतं की नाही, एवढा फरक असतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो, कारण ती मला फार आवडली. बाबागाडी छत्रीसारखी मिटते ती ओवेन मॅक्लारेन या ब्रिटिश इंजिनिअरमुळे. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला माणूस. निवृत्तीनंतर नातवंडासाठीची अवजड गाडी हाताळणाऱ्या लेकीचे हाल त्यानं बघितले, आणि १९६५ मध्ये ॲल्युमिनियमची, तीन किलोपेक्षाही हलकी, मिटणारी गाडी डिझाइन केली. विमानाची चाकं पोटात घेण्याची युक्ती बाबागाडीत आली. पण त्याच नावाच्या कंपनीला २००९ मध्ये अमेरिकेत सुमारे १० लाख स्ट्रोलरबाबत रिकॉल जाहीर करावा लागला, कारण गाडी उघडताना बिजागरीत सापडून १२ मुलांच्या बोटांची टोकं तुटल्याच्या नोंदी झाल्या होत्या. कंपनीनं बिजागरी झाकायला कव्हरं दिली. म्हणून मिटणारी कुठलीही गाडी बघताना बिजागरीवर बोट फिरवा. उघडी फट दिसली तर सोडून द्या. आणि गाडी उघडताना-मिटताना मुलं हाताच्या अंतरावर नकोत. थोरली तर नकोच, तिला प्रत्येक फटीत बोट घालायचं असतं.

वजनाचा मुद्दा मला आईमुळे कळला. ताईची रजा संपली की दिवसभर आईच मुलं सांभाळणार. आईचा उजवा गुडघा दुखरा. बिल्डिंगच्या दाराशी तीन पायऱ्या आहेत, उतार नाही. डबल स्ट्रोलर साधारण १० ते १५ किलोचा असतो, त्यात दोन मुलं धरा. दुकानात जाणार असाल तर गाडी रोज कोण वापरणार आहे त्या माणसाला बरोबर न्या. मिटून दाखवायला सेल्समनला सांगू नका, तो डोळे मिटूनही मिटतो. आईला सांगा. आमची आई एका दुकानात चार मिनिटं झटली, मग म्हणाली, ‘त्यापेक्षा मी पोळ्यांची कणीक मळते.’

तान्ह्या बाळाचं वेगळं बघावं लागतं. मान धरेपर्यंत बाळाला पाठ टेकून बसवता येत नाही, सीट जवळजवळ सपाट व्हायला हवी. ‘जन्मापासून’ असं जाहिरातीत लिहिलेलं असेल, तरी दोन्ही सीट सपाट होतात की एकच, हे विचारा. पट्टा पाच टोकांचा हवा, दोन्ही खांदे, कंबरेच्या दोन बाजू आणि पायांच्या मधून एक. आणि एप्रिलच्या उन्हात गाडीवर ओढणी टाकायचा मोह होईल, तो टाळा. आत हवा कोंडते आणि बाळाला उकडत राहतं.

मग उरला रस्ता, आणि तिथे खरेदीनं काही सुटत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथवर चालायला किमान १.८ मीटर मोकळी जागा हवी आणि कडेची उंची १५ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको. ताईच्या गल्लीतला फुटपाथ मी मोजायला गेलो, पण त्यावर तीन स्कूटर, एक डीपी बॉक्स आणि उसाच्या रसाचं गुऱ्हाळ असल्यानं टेप सरळ टाकता आली नाही. मोठ्या रस्त्यावर दुचाक्या चढू नयेत म्हणून फुटपाथच्या तोंडाशी खांब ठोकलेत. त्यांनी दुचाक्या किती थांबतात ते तुम्ही रोज बघताच. पण व्हीलचेअर नक्की थांबते. मुंबईत व्हीलचेअर वापरणाऱ्या एका नागरिकानं हेच लिहून कळवलं आणि २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं हा विषय स्वतःहून हाती घेतला. बाबागाडीवाल्या आया निदान गाडी उचलू शकतात. आधी हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. आता मी कुठेही चाललो की उतार शोधतो.

फुटपाथ चढताना दोन जातींमधला आणखी एक फरक कळतो. शेजारीवाल्या गाडीचं हँडल दाबलं की पुढची चाकं पटकन उचलतात. एकापुढे एक असली की पुढच्या मुलाचं वजन हातापासून लांब पडतं, आणि हँडल दाबून दाबून मनगट दुखतं. छोटी चाकं पेव्हर ब्लॉकच्या फटीत अडकतात, मोठी अडकत नाहीत पण मिटल्यावर जागा खातात. म्हणजे दोन्हीकडून चांगली अशी गाडी नसतेच, आपल्या रस्त्यावर कुठला त्रास जास्त आहे तेवढं बघायचं.

शेवटी गाडी मिळाली ती बिल्डिंगच्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर. बी विंगमधलं एक कुटुंब अमेरिकेतून परत आलेलं, त्यांची मुलं मोठी झालेली. पुढे बाळाची सीट, मागे मोठ्या मुलासाठी छोटी बैठक आणि उभं राहायला फळी. लांबी ९७, रुंदी ५४. चार हजारांत. नव्या डबल गाड्यांच्या किमती माझ्या स्टायपेंडच्या भाषेत सांगायला नकोत. सेकंडहँड घेताना ब्रेक, पट्ट्याचं बक्कल आणि बिजागरी तिथेच तपासा, आणि मॉडेलचं नाव टाकून रिकॉल झालाय का ते शोधा. चाकाला लागलेलं गंज-मातीचं काम तुम्हाला मिळणार, ते मलाही मिळालं.

गाडीत दोष आहेत. पुढची सीट पूर्ण मागे टाकली की धाकट्याचं डोकं थोरलीच्या मांडीशी येतं आणि ती त्याच्या केसांना हात लावते. मग तो उठतो, मग दोघं रडतात. हँडलला जड पिशवी अडकवली आणि थोरली उतरली की गाडी मागे कलंडायला बघते, म्हणून पिशवी खालच्या बास्केटमध्येच. लिफ्टमध्ये गाडी आधी सरळ ढकलायची, मग पुढची चाकं भिंतीकडे सरकवायची, मग ताई शेजारी तिरकी उभी राहणार आणि कोपरानं जाळी ओढणार. हे तिनं रविवारी माझ्यासमोर सहा वेळा करून बघितलं. सातव्यांदा मला लिफ्टबाहेर काढलं.

मंगळवारी दुपारी मी डेस्कवर एका प्रेसनोटची बातमी करत होतो, तेव्हा तिचा फोटो आला. भाजीवाल्याची हातगाडी मागे दिसतेय. पुढच्या सीटवर धाकटा तोंड उघडं टाकून झोपलाय. थोरली फळीवर नाही, बैठकीवरही नाही, रस्त्यात उभी आहे आणि हँडलच्या दांड्याला धरून ढकलायचा प्रयत्न करतेय. तिच्या बैठकीवर पट्टा लावून बसवलेला आहे कोबी. खाली मेसेज होता, ‘मुळा पण घेतला. वर जाताना लिफ्ट बंद आहे. ये.’