घडी घाला, कापा, उघडा!

मैत्रिणींनो, ब्लाउजची पाठ कापताना आपण कापड दुमडतो, अर्ध्या पाठीचं माप घडीवर धरतो आणि कात्री चालवतो. उघडलं की पूर्ण पाठ तयार, दोन्ही खांदे सारखे! शाळेच्या पुस्तकात याला ‘सममिती’ म्हणतात आणि मधल्या घडीच्या रेषेला ‘सममितीचा अक्ष’. रद्दी पेपर आणि कात्री घ्या, मुलांनाही जवळ बसवा.

१) एक घडी : कागद मधोमध दुमडा. बंद बाजूला लावून अर्धं पान काढा व कापा. उघडल्यावर अख्खं पान मिळेल. तेच उघड्या बाजूला लावून कापलं, तर दोन सुटे अर्धे तुकडे हाती येतील. म्हणून आधी बघायचं, घडी कुठल्या बाजूला आहे.

२) किती अक्ष? : चौरस कागद उभा, आडवा आणि दोन्ही तिरक्या रेषांवर दुमडून बघा. चारही वेळा कडा जुळतात, म्हणजे ४ अक्ष. आता वहीचं लांबट पान घ्या. उभं-आडवं जुळतं; तिरकं दुमडलं की कोपरे बाहेर येतात. अक्ष फक्त २. तिरक्या रेषेनेही दोन सारखेच भाग होतात, पण दुमडून एकमेकांवर बसत नाहीत. गोल चपाती मात्र मध्यातून कशीही दुमडा, जुळतेच!

३) तीन घड्या : चौरस कागद निम्मा करा, पुन्हा निम्मा करा, मग मध्याचा कोपरा धरून तिरका दुमडा. ८ पदर झाले. कडांवर छोटे त्रिकोण कापा. उघडल्यावर सणासुदीच्या सजावटीला छान जाळी मिळते. फक्त घडीची एक कड सलग पूर्ण कापू नका, नाहीतर तुकडे पडतील.

४) बाहीची गंमत : बाहीचा पुढचा मुंढा मागच्यापेक्षा खोल असतो. म्हणून एकट्या बाहीला अक्ष नसतो. डावी-उजवी बाही एकमेकींची आरशातली जोडी असते. पुढचा मुंढा खोलताना दोन्ही बाह्या सुलट बाजू समोरासमोर ठेवा. दोन्ही एकाच तोंडाने ठेवल्या, तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या होतात!

शिवणकाम नव्याने शिकणाऱ्या ताईंनी आधी पेपरवरच कापून बघावं. पेपर चुकला तर रद्दीत जातो. गिऱ्हाइकाचं कापड चुकलं तर पदरचे पैसे जातात.